आत्याबाईंचे दोन मंगळवार

मला बोटीवर पाठवलं ते हेरगिरी करायला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर कुणीतरी म्हणायचं, की ही बाई आयता समुद्र बघून आली आणि वर आम्हाला शहाणपण शिकवते.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न केलं नाही, पण भाच्याला शाळेत सोडण्यापासून ते त्याच्या मास्तरांशी भांडण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं, त्यामुळे त्याचा अर्धा जीव त्यांच्यात अडकलेला. एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर त्यांनी उभी हयात काढली. कोणत्या साहेबाचा कोणता नंबर, कोणता साहेब कुणाचा फोन आला की "मी जागेवर नाही" असं सांगायला लावतो, सगळं तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपला फ्लॅट भाड्याने दिला, दोन सुटकेसा भरल्या आणि बोटीवर राहायला गेल्या. सहलीला नव्हे, राहायला. एका सफरीहून उतरायचं, आमच्याकडे मागच्या खोलीत मुक्काम टाकायचा, जमिनीवरच्या प्रत्येक गोष्टीला नाक मुरडायचं आणि पुढची बोट पकडायची. घरात पाठीमागे सगळे त्यांना 'कप्तान' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे, आणि आवडतंही.

तर गेल्या मुक्कामात कप्तान पाव आणायला म्हणून कोपऱ्यावर गेल्या, आणि बऱ्याच वेळाने एक अनोळखी औषधवाला त्यांना हाताला धरून घरी घेऊन आला. त्याचं दुकान आमच्या घरापासून चांगलं लांब, बाजाराच्या पलीकडे. "जरा फिरून आले," आत्याबाई म्हणाल्या. पाव नव्हता. त्याच आठवड्यात दुधाचं पातेलं काळंठिक्कर झालं. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणतच होते." त्या काय म्हणत होत्या ते कुणालाच आठवेना, पण त्या दिवसापासून घराची नजर बदलली. आत्याबाईंनी कपाट उघडलं की कुणीतरी "काय शोधताय?" म्हणून हजर. "गॅस बंद केलाय गं," असं त्या म्हणाल्या की कुणीतरी अंग मोडत, सहज उठल्यासारखं करत, स्वयंपाकघरात डोकावून येई. नवऱ्याने मागच्या खोलीतली व्यायामाची सायकल विकली, खोलीला नवा रंग दिला, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली. आत्याने आता कायमचं इथंच राहावं, असं त्याच्या मनाने घेतलं.

आत्याबाईंच्या मनाने मात्र पुढची लांबलचक सफर घेतली होती. पण एका वयानंतर एकट्या प्रवाशासाठी त्यांची बोटकंपनी घरच्या माणसाची हमी मागते, की ही व्यक्ती आपलं आपण सांभाळू शकते. घरचं माणूस म्हणजे भाचा. तो हो म्हणेना, नाही म्हणेना. शेवटी आत्याबाई हमीच्या वयाआधीच ठरवून ठेवलेल्या मधल्या एका सफरीला निघाल्या, तेव्हा त्याने मला गाठलं.

"तू जा तिच्याबरोबर. नीट बघून ये. तुला कळतं."

मला कळतं, कारण माझा धंदाच तो आहे. मी विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करते. जळालेली गोदामं, पाणी शिरलेली तळघरं बघते आणि नुकसान खरं किती, बनवाबनवी किती ते सांगते. स्वयंपाकघर जळालं म्हणून रडणाऱ्या बाईला मी आधी विचारते, की पडदे जळाले तर पडद्याच्या कड्या इतक्या चकचकीत कशा? लोक मला चहा विचारत नाहीत.

आत्याबाईंना मी म्हटलं, "मलाही जरा बदल हवाय, येऊ का तुमच्याबरोबर?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तलावातल्या होडीत बसलीस तरी ओकतेस तू. तुला त्याने पाठवलंय."

मी ततपप करायला लागले.

"ये, ये. तपासायलाच यायचंय तर खिडकीची केबिन घ्यायला सांग त्याला. उजेडात बरं दिसतं."

बोटीवर पाय ठेवला आणि आत्याबाई दहा वर्षांनी लहान झाल्या. घरात दबकत चालणारी बाई इथे मधोमध चालायला लागली. दारावरचा माणूस, केबिन झाडणारा, वाढपी, सगळे त्यांना नावाने हाक मारत होते आणि त्याही सगळ्यांना नावाने. मी पहिली नोंद मनात केली, की नावं लक्षात राहतात. मग दिसलं, की प्रत्येकाच्या छातीवर नावाची पाटी आहे.

आत्याबाईंना बोटीवरच्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं आणि ते मागावं लागत नसे. पहिल्याच दिवशी, बोट बुडाली तर कुठे जमायचं याची कवायत असते. लोक खिदळत होते, फोटो काढत होते. आत्याबाई ताठ उभ्या. "इथे जो हसतो तो पहिला बुडतो," त्या मला मोठ्यांदा म्हणाल्या, आणि आसपासचे चार जण गप्प झाले. बुफेत त्या पाऊल ठेवत नसत. "तिथे माणूस खात नाही, वसूल करतो." सकाळी उठून डेकवरच्या खुर्चीवर टॉवेल टाकून जागा अडवणाऱ्यांना, त्यांच्या मते, कुठल्याही देशात मत देण्याचा हक्क असू नये. कॅप्टनशी हात मिळवायला लोक नटूनथटून रांग लावत, त्या रांगेकडे त्या दयेने बघत. "अगं, त्याच्या हातात बोट आहे. त्याला हात धुऊन कामाला जाऊ द्यावं."

बंदर आलं की सगळी बोट ओस पडे. आत्याबाई उतरत नसत. "गाव लांबून बघावं. जवळ गेलं की तिथेही फ्रिजवर चिकटवायची चुंबकंच विकतात." मी एकदा हट्टाने उतरले आणि तीन चुंबकं घेऊन आले. त्यांनी चुंबकांकडे बघितलं फक्त.

आमच्या जेवणाच्या टेबलावर एक निवृत्त जकात अधिकारी होता. तोही सदाचा प्रवासी. आत्याबाई त्याला तोंडावर 'जकातवाले' म्हणत. जास्त सफरी करणाऱ्यांना कंपनी वेगळ्या रंगाचं कार्ड देते. त्याचं सोनेरी होतं, आत्याबाईंचं त्याहून वरचं निळं, आणि या एका रंगाने त्या माणसाची जेवणावरची वासना उडाली होती. तो म्हणे, "पूर्वीसारखं सूप राहिलं नाही हो." आत्याबाई म्हणत, "तुम्ही यायला लागल्यापासून." रोज रात्री हे भांडण. दोघंही वेळेच्या आधी येऊन बसत, भांडण चुकू नये म्हणून.

मी माझं काम चालू ठेवलं होतं. बोलता बोलता खडे टाकत होते. केबिन कुठल्या मजल्यावर? बरोबर. काल कुठलं बंदर झालं? "मी उतरत नाही, मला काय करायचंय?" हे उत्तर बरोबर की चूक, ते ठरवता येईना. आंघोळ, औषधं, कपडे, सगळं जिथल्या तिथे. गोळ्यांचा डबा मी चोरून उघडून बघितला. एकही गोळी चुकलेली नव्हती. चार-पाच दिवसांनी मी मनातल्या मनात नवऱ्याला कळवून टाकलं होतं, की तुझी आत्या ठणठणीत आहे, आजारी मी आहे, मला बोट लागते.

मग मला लिफ्टचं दिसायला लागलं.

आत्याबाईंचे गुडघे माझ्यापेक्षा बरे. घरी त्या दोन मजले चढून येतात आणि वर येऊन लिफ्टवाल्या शेजाऱ्यांना नावं ठेवतात. इथे मात्र एक मजला असला तरी लिफ्ट. मी जिन्याकडे वळले की म्हणत, "जिन्यात ओळखीची माणसं भेटतात. बोलत बसतात." सकाळी केबिनमधून निघाल्या की आधी लिफ्ट, मग बाकी जग. आणि लिफ्टमध्ये शिरल्या की पहिली नजर खाली.

तिथे पायाखाली गालिच्याचा एक तुकडा असतो आणि त्यावर मोठ्या अक्षरांत वार लिहिलेला असतो. सोमवारी सोमवार, मंगळवारी मंगळवार. समुद्रावर लोकांना वार कळेनासा होतो म्हणून ही सोय. रोज मध्यरात्री कुणीतरी येऊन तुकडा बदलून जातो.

"बोटीवरची सगळ्यांत उत्तम सोय कुठली, सांग," आत्याबाईंनी एकदा मला विचारलं.

"डॉक्टर?" मी म्हटलं. माझी मळमळ थांबली नव्हती.

"हे पायपुसणं." त्यांनी चपलेच्या टोकाने 'शुक्रवार'वर टकटक केलं. "घरी वार कोण सांगतं? पेपरवाला? तो सगळ्या वारी तसाच तोंड करून येतो."

मी हसले. पण धंद्याची एक सवय आहे. माणूस ज्या वस्तूचं फार कौतुक करतो, ती मी उचलून बघते. दुसऱ्या दिवशी डेकवर दोघी बसलो असताना मी सहज विचारलं, "आत्याबाई, आज कुठला वार?"

"तू लिफ्टने नाही आलीस? बघितलं नाहीस?"

"लक्षात नाही राहिलं."

"काय तरी बाई तुम्ही आजकालच्या मुली," म्हणून त्या उठल्या. "थंडी वाजतेय, शाल घेऊन येते." गेल्या, आल्या, खुर्चीत बसल्या, पुस्तक उघडलं आणि पानातून मान वर न करता म्हणाल्या, "शनिवार."

शाल आणायची राहिली होती.

त्या दिवसापासून त्यांची सगळी मतं मला उलटी ऐकू यायला लागली. जगातल्या सगळ्या माणसांनी छातीवर नावाची पाटी लावावी म्हणजे निम्मी भांडणं मिटतील, हे त्यांचं लाडकं मत होतं. वाढप्याने न विचारता आपलं नेहमीचं आणून ठेवावं, कारण 'काय घेणार?' या प्रश्नाने माणूस जितका थकतो तितका कामाने थकत नाही, हे दुसरं. दारावर कार्ड लावलं की पडद्यावर आपला फोटो येतो, ते यंत्र त्यांना फार आवडे. "ही बाई ती हीच, असं ते सगळ्यांना सांगतं. घरी माझ्या बाजूने असं कोण बोलतं?" या वाक्यावर मी आठवडाभर हसले होते. आता मला ते आठवून कसंतरी व्हायला लागलं. कप्तानांनी मतांच्या नावाखाली भिंतीला भिंतीला दांड्या बसवून घेतल्या होत्या, आणि त्या धरून इतक्या ऐटीत चालत होत्या, की मला, नुकसान मोजणाऱ्या बाईलाही, दांडी दिसली नव्हती.

आता घरी काय सांगायचं? खरं सांगितलं तर सफर गेली. हमी नाही म्हणजे बोट नाही, आणि बोट नाही म्हणजे मागची खोली. खोटा अहवाल मी आजवर कुणासाठी दिलेला नाही, सख्ख्या मामाचं दुकान जळालं तेव्हाही नाही. मामा अजून बोलत नाहीत.

अशातच आम्ही वाररेषेपाशी आलो. शाळेत भूगोलात शिकलेली ती रेषा. पूर्वेकडे जाताना ती ओलांडली की तोच वार पुन्हा जगावा लागतो. कॅप्टनने मंगळवारी जेवणाच्या वेळी भोंग्यावरून जाहीर केलं, की आज रात्री आपण रेषा ओलांडू आणि उद्या पुन्हा मंगळवारच असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याबाई त्या वेळी जकातवाल्यांशी मिठाच्या प्रमाणावरून इरेला पेटल्या होत्या. शिवाय कॅप्टनच्या घोषणांबद्दलही त्यांचं मत होतंच. "महत्त्वाचं काही असलं तर तो सायरन वाजवतो. बाकीच्या त्याच्या गप्पा." हीच रेषा त्यांनी पूर्वीही ओलांडली होती, पण उलट्या दिशेने, आणि फार वर्षांपूर्वी.

दुसऱ्या दिवशी सगळी बोट एकाच विनोदावर हसत होती. "काल भेटलो होतो ना? नाही, आजच!" न्याहारीला जकातवाले मला म्हणाले, "परत मंगळवार. कालचंच सूप आज पाजतील बघा, आणि नाही म्हणता येणार नाही." आत्याबाई लवकर खाऊन गेल्या होत्या. दुपारी त्या डेकवरच्या नेहमीच्या खुर्चीत नव्हत्या. केबिनमध्ये नव्हत्या. पाव आणायला गेलेली बाई डोळ्यांसमोर आली. इथे तर औषधवालाही नाही, चारी बाजूंनी पाणी.

त्या सापडल्या प्रवाशांच्या धुलाईखोलीत. ही एक अरुंद, कोंदट खोली, तीन यंत्रं, तीन ड्रायर, एक इस्त्रीचा फळा आणि एक बाक. बोटीवर कधी खून झाला तर तो इथे होईल, ड्रायरवरून, हे आत्याबाईंचं मत. म्हणून त्यांनी मंगळवारची दुपार धरलेली. तेव्हा वरच्या सभागृहात व्याख्यान असतं आणि ही खोली मोकळी असते. आदल्या दिवशी मी त्यांच्यासोबत त्या बाकावर पोट धरून बसले होते.

आणि आज त्या यंत्रासमोर उभ्या होत्या. हातात कपड्यांची चळत. घड्या घातलेल्या, इस्त्री केलेल्या.

"आत्याबाई, हे धुतलेलेच आहेत की."

"असू दे."

"इस्त्रीपण झालीय."

"असू दे म्हटलं ना. मंगळवार आहे. मंगळवारी मी धुते." त्यांनी यंत्राचं दार उघडलं आणि पहिला ब्लाउज आत टाकला. साबणाची भुकटी खणात कमी आणि जमिनीवर जास्त पडली. मग त्या थांबल्या, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या, "काल धुतले ना गं मी?"

मी काही बोलायच्या आत त्याच पुढे बोलत सुटल्या. "तू इथे बसली होतीस. मळमळतंय म्हणत होतीस. त्या जाडीने माझा ड्रायर चालू असताना उघडला आणि मी तिला झापलं. तू म्हणालीस, जाऊ द्या आत्याबाई. हे सगळं झालं ना? की नाही झालं?"

"झालं. अगदी असंच झालं."

"मग खाली मंगळवार का लिहिलाय?"

मी त्यांना बाकावर बसवलं आणि रेषेचं सांगितलं. कॅप्टनची घोषणा, टाळ्या, जकातवाल्यांचं सूप, सगळं. त्या ऐकत होत्या. चेहऱ्यावर रंग परत आला, आणि मला वाटलं, आता कॅप्टनला शिव्या देतील. पण त्या बराच वेळ मांडीवरच्या कपड्यांवरून हात फिरवत राहिल्या.

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"हो."

"मला नीट आठवत होतं. सगळं. तुझ्या मळमळीसकट."

"हो."

"आणि तरी मी कपाटातून धुतलेले कपडे काढून घेऊन आले. बघ, तुम्ही काय केलंत माझं. मी गॅस बंद केला म्हटलं की तू उठून बघतेस. तो उठून बघतो. तुझी सासू तर वास घेते. आता मीच माझं उठून बघायला लागले. मला आठवत असतं गं, पण मी पायपुसण्याला विचारते."

मला रडू कोसळलं. स्वतःचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या नव्या रंगाचा आला. पाव न मिळालेल्या एका सकाळीवरून आम्ही या बाईच्या सगळ्या डोक्यावर लाल शेरा मारून मोकळे झालो होतो.

"रडू नकोस, तपासणीसबाई," त्या म्हणाल्या. "विसरते मी, नाही असं नाही. त्या दिवशी कोपरा ओलांडला आणि पावाचं दुकान सापडेचना. फिरायलाबिरायला नव्हते गेले. घाबरले होते. पण इथे विसरलं तर कुणी तोंड वेडंवाकडं करत नाही. इथे सगळे पैसे भरून विसरायलाच येतात. आज कुठला वार, कुणाला ठाऊक, म्हणून किती खूश असतात बघ! भीती मला एकटीलाच वाटते. तीही लिफ्टपर्यंतच." त्यांनी नाक पुसलं. "त्याला काय सांगणार आहेस?"

"खरं ते."

"मग मला ती खोली. कुठला रंग दिलाय?"

"फिकट पिस्ता."

"दवाखान्याचा," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दार उघडून कालची ती जाडी बाई कपड्यांची पिशवी घेऊन डोकावली. आत्याबाई बसल्या जागेवरून कडाडल्या, "यंत्र मोकळं नाही!" ती बिचारी आल्या पावली परत गेली. आम्ही तो एकटा ब्लाउज पुन्हा धुतला. टाकलाच होता म्हणून.

सफर संपली तेव्हा बंदरावर नवरा घ्यायला आला होता. त्याने आत्याला मिठी मारली, सामान घेतलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर तो भाव आला. आमच्या घरच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, की अधूनमधून सहज बोलता बोलता विचारत जा. माझा नवरा सहज बोलायला लागला की समोरच्याला चौकीवर आणल्यासारखं वाटतं.

"काय मग आत्या! आज काय वार गं?"

आत्याबाईंनी खाली बघितलं. खाली नुसती राखाडी फरशी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि शप्पथ सांगते, मलाही आठवेना. दोन मंगळवार, त्यानंतर नुसतं पाणी, मग एकामागून एक बंदरं, पुन्हा पाणी. मी डोक्यात वार मागे-पुढे सरकवत होते आणि माझी नजर आपसूक फरशीवर गेली.

"काय पडलंय का तुमचं?" नवरा म्हणाला.

"वार," मी म्हटलं.

आधी आत्याबाई हसल्या, मग मी. नवरा दोघींकडे बघत सुटकेसा धरून उभा होता.

घरी पोचल्यावर आत्याबाई मागच्या खोलीत गेल्या तशी त्याने मला बाहेरच्या खोलीत धरलं. "बघितलंस? साधा वार सांगता आला नाही तिला."

"मलाही नाही सांगता आला."

"तू बोटीवरून आलीस. तुझं चालायचंच."

"आणि त्या कुठून आल्या?"

मग मी सगळं सांगितलं. लिफ्ट, पाट्या, न आणलेली शाल, पावाचं दुकान, धुतलेले कपडे. काही वगळलं नाही, काही गोड केलं नाही. शेवटी म्हटलं, "हमी दे."

"विसरते असं तूच सांगतेस आणि हमी दे म्हणतेस? वेड लागलंय का तुला?"

"बोटीवर त्या सांभाळतात आपलं आपण. कंपनीने तेवढंच विचारलंय."

"आणि तिथेही जमेनासं झालं म्हणजे?"

"तेव्हा आपल्याकडे येतील. पण तेव्हा आपण त्यांना वार सांगायचा. विचारायचा नाही."

त्याच्या जिवाची घालमेल मला दिसत होती. तो वाईट नाही हो. आपल्याला शाळेत सोडणारी बाई रस्त्यात हरवते, हे त्याला सोसत नव्हतं, एवढंच. तो उठला आणि मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत उभा राहिला.

सकाळी आत्याबाई सगळ्यांच्या आधी उठल्या, चहा केला आणि ट्रे घेऊन बाहेर आल्या. नवरा पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "आत्या, आज रविवार."

आत्याबाईंचा ट्रे जरासा हलला. "माहितीये मला," त्या म्हणाल्या. मग प्रत्येकापुढे कप ठेवून, खुर्चीत बसत, कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "गॅस बंद केलाय."

नवरा सवयीने अर्धा उठला. हात खुर्चीच्या हातांवर, गुडघे सरळ व्हायला आलेले. मी त्याच्याकडे बघितलं. आत्याबाई चहात बघत होत्या. तो तसाच क्षणभर तरंगला आणि परत खाली बसला.

"त्या कंपनीचा नंबर दे गं कुणीतरी," तो म्हणाला. "हमीचं कळवायचं आहे."

आत्याबाईंनी त्याला तो नंबर तोंडपाठ सांगितला.

मी रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात गेले. जाता जाता नजर गेलीच. धंदाच तसा आहे. गॅस बंद होता.